समुद्राच्या सुट्टीतल्या माझ्या काही सकाळी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर आपण तिघंही एकदम बोलत होतो, त्यामुळे कुणाचंच कुणाला धड ऐकू गेलं नाही. म्हणून लिहिते. पत्रात मला मध्येच कुणी तोडू शकत नाही, हा माझा फायदा.

मेक्सिकोतल्या तुलुमला आपण जातोय ते सगळ्यांनी मिळून समुद्रावर राहायला, आणि ते तसंच होणार आहे. त्यातल्या काही सकाळी मी पाण्याखालच्या गुहांमध्ये डायव्हिंगला जाणार, हेही होणार आहे. दोन्ही गोष्टी एका सुट्टीत मावतात. कशा मावतात ते सांगते. नाही पटलं तर काय करायचं, तेही पुढे लिहिलंय.

आई, "समोर एवढा समुद्र पसरलेला असताना गुहेत कशाला शिरायचं?" हा तुझा प्रश्न. खरं तर तो समुद्र आहे म्हणूनच ही जागा निवडली. गुहांतल्या डायव्हिंगच्या जागा बहुधा आडबाजूला असतात. फ्लोरिडातले गुहा-डायव्हिंगसाठी प्रसिद्ध झरे किनाऱ्यापासून चांगलेच आत आहेत. मी तिथे पाण्याखाली असताना तुम्ही आणि मुलांनी करायचं काय? तुलुमला मात्र वाळूत बसलेल्या माणसापासून गुहेच्या तोंडापर्यंत गाडीने थोडाच वेळ लागतो. मी सकाळी जाऊन दुपारी तुमच्यात परत येऊ शकते. अशी सोय असलेल्या जागा जगात फार नाहीत.

तो सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी वर थांबतच नाही, खाली मुरतं आणि जमिनीच्या पोटातून वाहत समुद्राला मिळतं. तुलुम ज्यावर आहे त्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागाचा नकाशा बघा, नदी दिसणार नाही. नद्या आहेत, पण पायाखाली. जिथे गुहेचं छत कोसळून पाणी उघडं पडलंय तिथे डोह दिसतो, त्याला सेनोटे म्हणतात. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. छतातून थेंब थेंब गळत त्यात लवणस्तंभ तयार झाले. ते पाण्यात तयार होत नाहीत, त्यांना हवा लागते. नंतर बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि सगळं जिथल्या तिथे बुडालं. आज आम्ही त्या स्तंभांमधून पोहत जातो, म्हणजे मूळच्या कोरड्या दालनांमधूनच जातो.

2018 च्या जानेवारीत तिथे एक मोठी बातमी झाली होती. साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे सापडलं आणि एकत्र लांबी 347 किलोमीटर भरली. त्याच प्रदेशात 2007 मध्ये ओयो नेग्रो नावाच्या पाण्याखालच्या खोल खड्ड्यात डायव्हर्सना एका मुलीचा सांगाडा मिळाला. पंधरा-सोळा वर्षांची असावी, आणि 12 हजार वर्षांहून जुनी. गुहा कोरडी असताना अंधारात, बहुधा पाणी शोधत ती आत गेली आणि खड्ड्यात पडली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आई, हे वाचून तू लगेच "बघ!" म्हणशील. म्हण. तिच्याकडे परतीची वाट दाखवणारी दोरी नव्हती, दिवा असलाच तर एखादी मशाल असेल, आणि परत कसं यायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या प्रशिक्षणाचा बहुतेक भाग परत कसं यायचं याचाच होता. (आणि मी ओयो नेग्रोला जात नाहीये. तिथे कुणालाही सहज जाता येत नाही.)

मला तिथे काय मिळतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतं तरी मी काहीतरी मोघमच बोलले असते. समुद्रात डायव्ह करताना मी सारखी काहीतरी शोधत असते, हा मासा, ते कासव. गुहेत शोधायला काहीच नसतं. पाणी इतकं स्वच्छ असतं की पुढचा माणूस हवेत तरंगतोय असं वाटतं. दिव्याचा झोत पडेल तेवढंच जग. मग साधारण दहा-पंधरा मीटरवर गोडं पाणी संपून खारं सुरू होतं. किनाऱ्यालगतच्या गुहांमध्ये समुद्राचं जड पाणी खालून आत शिरलेलं असतं आणि पावसाचं हलकं पाणी त्याच्यावर बसलेलं असतं. दोन्ही जिथे मिसळतात तिथे भर उन्हात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसं सगळं थरथरतं, हातातलं घड्याळसुद्धा वाचता येत नाही. हातभर खाली गेलं की पुन्हा लख्ख. त्या थराखालून वर पाहिलं की गोड्या पाण्याचा तळ एखाद्या पृष्ठभागासारखा दिसतो, आणि आपण पाण्यात असूनही पाण्याबाहेर आहोत असा भास होतो. हे मला समुद्रात कधी मिळालं नाही. आणि शांतता. आपल्या घरात ती किती मिळते ते तुम्हाला माहीत आहे.

आता बाबांचा मुद्दा. थायलंडच्या गुहेत अडकलेली ती 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक, 2018 चा जुलै. तुम्ही सगळा वेळ टीव्हीसमोर होतात. त्या सुटकेत एक थाई डायव्हर, नौदलाचा माजी जवान, प्राणाला मुकला, हे तुम्ही मला फोनवर दोनदा ऐकवलंत. बरोबर आहे. पण बाबा, ती गुहा कोरडी होती म्हणून मुलं आत चालत गेली, आणि वरून कोसळणाऱ्या पावसाने तिच्यात पूर आला. गढूळ पाणी, जोरदार प्रवाह, अरुंद फटी. मी जाते त्या गुहा हजारो वर्षं काठोकाठ भरलेल्याच आहेत. पाऊस पडून आणखी भरायचं तिथे काही उरलेलं नाही. प्रवाह मंद असतो. बहुतेक भाग फार खोलही नाही, दोस ओहोसचा नेहमीचा मार्ग जेमतेम दहा मीटरचा. आणि त्या मुलांना शोधून काढणारे दोघे ब्रिटिश गडी हौशीच होते हो, पोटापाण्याचा धंदा दुसरा. हौस म्हणून शिकलेली कला त्या दिवशी कामाला आली.

म्हणून धोका नाही असं नाही. धोका वेगळा आहे. समुद्रात काही बिघडलं तर सावकाश वर येता येतं. गुहेत वर छत असतं. आत जितकं गेलो तितकंच अंतर आडवं कापून परत यायचं, दुसरा रस्ता नाही. तळाशी बारीक गाळ असतो. एका चुकीच्या फटक्याने तो उठला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि कित्येकदा तो लवकर बसतही नाही. बाहेरून कुणी येऊन सोडवेल यावर तिथे भिस्त ठेवायची नसते. कित्येक गुहांच्या आत, उजेड संपतो तिथे, यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली असते: इथून पुढे जाऊ नका. तुमच्यासारख्याच तीनशेहून अधिक डायव्हर्सचा अशा गुहांमध्ये जीव गेलाय आणि त्यात डायव्हिंगचे शिक्षकही होते, असं त्या पाटीवर लिहिलेलं असतं. शिक्षक म्हणजे समुद्रातले. कितीही पट्टीचा पोहणारा असो, गुहेचं वेगळं शिक्षण नसेल तर ती पाटी त्याच्यासाठी आहे.

शेक एक्सली नावाच्या अमेरिकन डायव्हरने 1970 च्या दशकात हे मृत्यू एकेक करून तपासले. कारणं फिरून फिरून तीच निघाली. बाहेरच्या उजेडापर्यंत अखंड दोरी नव्हती. परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती. झेपणार नाही इतकं खोल गेले. पुढे त्यात शिक्षणाचा अभाव आणि अपुरे दिवे यांची भर पडली. आज आम्ही जे नियम पाळतो ते या यादीतून आलेत, एकेका नियमामागे माणसं गेली आहेत. एक्सली स्वतःही 1994 मध्ये गेला, मेक्सिकोतल्याच झाकातोन नावाच्या खोल डोहात, खोलीचा विक्रम करताना. तो डोह युकातानपासून खूप दूर, देशाच्या ईशान्येला आहे. हे तुम्ही शोधून काढलंच असतंत, म्हणून मीच सांगितलं.

हवेचं गणित मात्र नीट सांगते, कारण बाबांना गणित पटतं. सिलिंडरमध्ये 210 बार दाब आहे असं धरा. त्याचे तीन भाग. 70 जाण्यासाठी. काटा 140 वर आला की जिथे असू तिथून मागे फिरायचं, पुढे कितीही सुंदर दालन असो. 70 येण्यासाठी. उरलेले 70 माझे नाहीतच, ते जोडीदाराचे. सर्वांत आतल्या टोकाला त्याची सगळी हवा गेली तर दोघांनी माझ्या हवेवर बाहेर यायचं, त्यासाठी तो हिस्सा. त्याने माझ्यासाठी तसाच राखलेला असतो. ज्याच्याकडे सर्वांत कमी हवा, त्याच्या हिशेबाने सगळे फिरतात. यावेळी मी जाण्यासाठीचा हिस्सा संपायच्याही आधीच फिरणार आहे. शिवाय दोन सिलिंडर, दोन्हींवर श्वासाला हवा देणारा स्वतंत्र रेग्युलेटर, आणि तीन दिवे. डोळ्यांना काहीच दिसेना झालं तर दोरी बोटांच्या कडीत धरून चाचपडत यायचं, याचा सराव आमच्याकडून दिवे बंद करून करून घेतलेला आहे. दोरीवर प्लॅस्टिकचे छोटे बाण असतात, त्यांचं टोक जवळच्या बाहेर पडायच्या वाटेकडे. अंधारात हाताला टोक लागलं की दिशा कळते. इतकी साधी वस्तू, पण मला ती महागड्या संगणकापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता वेळापत्रक. बाबा, तुमचं म्हणणं, आधी सगळ्यांबरोबर मजा कर आणि गुहा शेवटी ठेव, म्हणजे काही झालंच तर सुट्टी तरी वाया जाणार नाही. तर्क तुमच्या स्वभावाला धरून आहे, पण डायव्हिंगमध्ये नेमकं उलटं करावं लागतं. दहा मीटरवर पाण्यासकट एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. विमानात केबिनमधला दाब दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी असू शकतो. नायट्रोजन अंगात असताना तिथे बसलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस अशी आहे की एकच साधी डायव्ह असेल तर उड्डाणापूर्वी किमान 12 तास, अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान 18 तास, आणि वर येताना थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ मध्ये जाऊ द्यावा. तेव्हा माझ्या सकाळी सुट्टीच्या पहिल्या अर्ध्यात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, झोप आणि घड्याळ जुळायला हवं. नंतरचा सगळा अर्धा मी कोरडी, म्हणजे फक्त समुद्रात. परतीच्या आधीचे दिवस अख्खे तुमचे.

डायव्हिंगच्या दिवशी मी तुम्ही उठायच्या आत निघेन. उशिरा सेनोटेवर पर्यटकांच्या गाड्या लागतात आणि सामान मांडायलाही जागा मिळत नाही. एरवी आम्ही दिवसात दोन डायव्ह करतो आणि संध्याकाळ होते. कुटुंबाबरोबर असताना एकच. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत जी "सगळ्यांची सुट्टी" म्हणून नेतात आणि घरच्यांना ती दिसतात फक्त रात्री, पेंगुळलेली. ते मला करायचं नाही. नवीन बोळ शोधायचे नाहीत, मुख्य दोरी सोडून बाजूच्या फाट्यांना जायचं नाही, विक्रमबिक्रम तर नाहीच. माहितीच्या गुहेत, तिथल्या जाणत्या मार्गदर्शकाबरोबर. पहिली डायव्ह उजेडाच्या टप्प्यातच, हात बसलाय की नाही ते बघायला. मुलांची सर्दी मला लागली तर काहीच नाही, कारण चोंदलेल्या कानांनी खाली जाता येत नाही. मुलं ही सुट्टीत सर्दी धरतातच, तेव्हा आई, तुझ्या मनासारखं आपोआप होण्याची शक्यताही बरीच आहे.

तुमच्या जावयालाही एकदा आत डोकावायचं आहे. त्याच्याकडे समुद्रातल्या डायव्हिंगचं साधं प्रमाणपत्र आहे. तेवढ्यावर तिथे फक्त गुहेच्या तोंडाजवळच्या भागात नेतात, जिथून बाहेरचा उजेड दिसत राहतो. उघड्या पाण्यापासून 60 मीटरपलीकडे नाही, आणि एका मार्गदर्शकामागे चारापेक्षा जास्त माणसं नाहीत. त्यापुढे तो येणार नाही, मी नेणारही नाही. प्रेमापोटी माणूस न शिकलेल्या माणसाला आत नेतो आणि तिथेच घात होतो. आई, "दोघं एकदम पाण्याखाली नको" हे तू म्हणालीस ते मला शंभर टक्के मान्य आहे. तो ज्या सकाळी जाईल त्या सकाळी मी मुलांबरोबर वाळूत. आणि थोरल्याने "मी पण" सुरू केलंय, त्याला सांगा की गुहेच्या शिक्षणाला बहुतेक संस्था 18 वर्षं पूर्ण लागतात म्हणतात. आजोबांनी सांगितलं की तो ऐकतो, माझं ऐकत नाही.

मी आत असताना तुम्ही कुणीही गुहेच्या तोंडाशी येऊन बसायचं नाही. पाण्याकडे बघत बसलं की मिनिटाचा तास होतो आणि मलाही आत असताना त्याची जाणीव राहते. मी घाई करू लागेन, आणि घाई ही तिथे सर्वांत वाईट गोष्ट. कोणत्या सेनोटेला गेले, बरोबर कोण, किती वाजता बाहेर येणार आणि त्यानंतर किती वेळ वाट पाहून कुणाला फोन करायचा, हे सगळं कागदावर लिहून जावयाकडे ठेवीन. विमाही डायव्हिंगसाठीचा वेगळा काढलाय, कारण प्रवासाच्या साध्या विम्यात बऱ्याचदा गुहा बसत नाही. बाबा, त्याची प्रत तुम्हाला पाठवते. तुम्ही बारीक अक्षरं वाचता, मी वाचत नाही.

आमच्यात एक नियम आहे. कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डायव्ह संपवू शकतो. अंगठा वर केला की सगळे वळतात. का म्हणून कुणी विचारत नाही, बाहेर आल्यावरही टोमणा मारत नाही. हा हक्क या सुट्टीपुरता मी तुम्हा दोघांनाही देते. आदल्या रात्री मी घरच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवसाचा बेत टाकीन. तुमचा जीव अगदीच खाली-वर होत असेल तर अंगठा पाठवा, मी जाणार नाही, कारणही विचारणार नाही. मात्र आदल्या रात्रीच. सकाळी मी दारात असताना रडवेल्या तोंडाने नाही. आणि बाबा, तुम्ही आलेल्या प्रत्येक मेसेजला न वाचताच अंगठा पाठवता, तेवढी सवय त्या दिवसांपुरती आवरा.

एका दिवशी मात्र सगळ्यांनी मिळून सेनोटेवर जायचंच. ग्रान सेनोटेला लाकडी पायऱ्या आहेत, खाली फळ्यांचा ओटा आहे, पाणी उथळ आहे, कासवं आहेत. आई, पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा रबरी तळव्याच्या चपला आण आणि कठड्याला धरून उतर. गुडघ्यांनी नाही म्हटलं तर वरच बस, वरूनही निळं पाणी दिसतं. उतरण्याआधी सगळ्यांना अंघोळ करायला लावतात आणि सनस्क्रीन लावलेलं चालत नाही, ते पाण्यात उतरतं म्हणून. मुलांना लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घेतलेत. तुम्हालाही घेते, बाबांचं माप जुनंच आहे ना?

तिथे लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथं पडायचं आणि नुसतं खाली बघायचं. पोहता यायची गरज नाही. बाबा, चष्मा मास्कच्या आत बसत नाही, पण नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात. गेल्या वेळी डोळे तपासले तेव्हाचा कागद सापडला तर त्याचा फोटो पाठवा. दोन्ही डोळ्यांचा नंबर हवा, फक्त वाचायच्या चष्म्याचा नको. मागवायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच पाठवा.

तुमची,
लेक